मावशीची पेन्सिल आणि निळी भिंत

शाळेच्या फाटकावर नवी पाटी लागली, त्या दिवशी मावशीने ती आधी नखाने खरवडून पाहिली.

"स्टिकर आहे," घरी आल्या आल्या तिने सांगितलं. "रंगवलेली नाही, खिळे ठोकलेले नाहीत. म्हणजे उद्या काढून टाकायची सोय आजच करून ठेवली आहे."

या शाळेत यापुढे जुन्या अभ्यासक्रमाबरोबर आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमही शिकवला जाईल, असं त्या पाटीवर होतं. मावशी तिथे वरच्या वर्गांना विज्ञान शिकवायची. नोकरीला लागली तेव्हा तिचे केस काळे होते आणि शाळेला कुंपण नव्हतं, एवढी जुनी.

"अगं, पाटी चिकटवलेली आहे म्हणून शिकवणंही चिकटवलेलंच असेल असं कुठे आहे?" काका म्हणाले.

"असेलच असं मी म्हणत नाही. पण याची खातरजमा व्हायला हवी."

हे तिचं ठेवणीतलं वाक्य. ताप उतरलाय असं डॉक्टरांनी सांगितलं, तरी ती हेच म्हणायची. मला लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत नोकरी लागली आणि मी राहायला तिच्याकडे आलो, तेव्हाही तिने माझ्यादेखत कंपनीत फोन लावून 'असा असा मुलगा तुम्ही खरंच घेतला आहे का' म्हणून विचारलं होतं. काकांचं चष्म्याचं दुकान आहे. ते म्हणायचे, "भिंगं विकतो मी, वापरते ही."

तेव्हा पाटीवर तिचा संशय बसला यात नवल नव्हतं. शाळेने हा घाट का घातला हे तिला पहिल्यापासून माहीत होतं. पलीकडच्या रस्त्यावर एक नवी शाळा निघाली होती आणि पहिलीच्या वर्गातली बाकं रिकामी राहायला लागली होती. मग शाळेच्या अध्यक्षांनी कुठल्याशा परिषदेत जाऊन माहिती आणली, अर्ज केला, आणि वर्षभर तयारी चालली. प्रयोगशाळेत डोळे धुवायचा नळ आला. पायऱ्यांच्या बाजूला उतार बांधला गेला. ग्रंथालयातली कुलूपबंद कपाटं उघडली. इतकी वर्षं ती बंद का होती, हे मात्र कुणी सांगितलं नाही. बाहेरून पाहुणे येऊन सगळं पाहून गेले. त्यांनी वर्गात मागे बसून मावशीचा एक तासही पाहिला.

"काय म्हणाले?" मी विचारलं होतं.

"छान म्हणाले. म्हणून तर शंका येते."

या सगळ्यात तिला मनापासून आवडलेली पहिली गोष्ट म्हणजे प्रश्नपत्रिकांची खोली. खिडकी नसलेली, लोखंडी कपाटाची, दोन कुलपांची. दोन किल्ल्या दोन वेगळ्या माणसांकडे, आणि एकट्याने आत जायची परवानगी मुख्याध्यापकांनाही नाही.

"यांचा कुणावरही विश्वास नाही," ती कौतुकाने म्हणाली. "माणसं बरी दिसतात."

दुसरी आवडलेली गोष्ट म्हणजे सही. नव्या पद्धतीत प्रत्येक मुलाने स्वतःला पडलेला एक प्रश्न घेऊन त्यावर प्रकल्प करायचा, आणि तो परगावच्या तपासनीसांकडे पाठवण्याआधी 'हे काम याने स्वतःच केलं आहे' अशी सही शिक्षिकेने करायची. सही नसेल तर प्रकल्प पाठवायचाच नाही. आणि प्रकल्प गेला नाही, तर तो विषय बुडाल्यात जमा. इतकी वर्षं मुलांनी पालकांकडून करून आणलेले ज्वालामुखी आणि थर्माकोलची धरणं तिने दातओठ खात पाहिली होती. आता तिच्या हातात शस्त्र आलं होतं.

या कामासाठी शाळेने बाहेरून एक तरुण समन्वयक आणला होता. तो दिसेल तिथे रंगीत चिठ्ठ्या चिकटवायचा: फळ्यावर, कपाटावर, एकदा तर शिपायाच्या पाठीवरही विसरला. शिक्षकांच्या खोलीत त्याचं नाव चिकटचिठ्ठी पडलं. तो आपल्याला काढायलाच आला आहे अशी मावशीची खात्री होती, कारण तो तिच्या वर्गात कारण नसताना मागे येऊन बसायचा आणि जाताना हसायचा.

प्रशिक्षणात त्याने एक नियम सांगितला होता. मुलांचा कच्चा मसुदा शिक्षकाने एकदाच वाचायचा. काय कमी आहे ते सांगायचं, पण वाक्य आपण लिहून द्यायचं नाही. मावशीने मान डोलावली. तिच्या मते हा नियम स्टँडजवळच्या क्लासवाल्यासाठी होता. त्याच्या दारावर 'प्रकल्प मार्गदर्शन' असा फलक नुकताच झळकला होता.

पालकांना नवा अभ्यासक्रम समजावून सांगायला सभा भरली तेव्हा मीही गेलो होतो, कारण सभागृहातला माईक नीट करायला दुसरं कुणी नव्हतं. अध्यक्ष खूप बोलले. मुलं आता पाठ करणार नाहीत, विचार करतील, म्हणाले. शेवटी काही शंका, असं विचारल्यावर मागच्या रांगेतून शिंपी उठला. शाळेचे गणवेश वर्षानुवर्षं तोच शिवत होता.

"मला एवढंच विचारायचंय साहेब. कापड तेच, शिवण तीच, फक्त कॉलरला लेबल नवं, असं तर नाही ना?"

सभागृह हसलं. अध्यक्षही हसले, पण उत्तर देताना त्यांनी पाण्याचा ग्लास दोनदा उचलला. मावशी हसली नाही. "या खोलीत विचार करणारा एकच माणूस आहे," ती मला हळूच म्हणाली.

शिंप्याला खात्री पटली नव्हती, तरी त्याच्या मुलीने हट्टाने नव्या अभ्यासक्रमात नाव घातलं. वर्गात तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता. प्रकल्पासाठी तिने प्रश्न निवडला होता, कोणतं कापड किती वेळात वाळतं. दुकानातली चिंध्यांची पिशवी, पाण्याची बादली आणि दोरी, एवढीच सामग्री. इतर मुलांनी आपापले विषय घेतले. कुणी मुंग्या मोजल्या, कुणी रस्त्यावरचा गोंगाट.

त्या महिन्यात मावशी संध्याकाळी मुलांचे कच्चे मसुदे घेऊन बसायची. पेन्सिलीला टोक करायची, सालं बशीत पाडायची, आणि जेवायला हाक मारली तरी उठायची नाही. काका म्हणायचे, "पगार यांना द्यावा की पेन्सिलीच्या कारखान्याला, कळत नाही."

मग मुलांनी पक्के प्रकल्प आणून दिले. आणि शिंप्याच्या मुलीचा वाचताना मावशी ताठ बसली.

"हे हिचं नाही."

"कशावरून?" काकांनी विचारलं.

"आकडे हिचे आहेत. चिंध्याही हिच्याच. पण शेवट बघा. पोक्त माणसाने लिहिल्यासारखा आहे. या मुलीला 'उपस्थित' म्हणायला लाज वाटते, आणि इथे ही न्यायाधीशासारखी बोलते आहे." ती दुसरे प्रकल्प चाळायला लागली. मुंग्यांचा शेवट, गोंगाटाचा शेवट. "सगळ्यांचे शेवट एकाच साच्यातले! एकच माणूस लिहून देतोय."

"दाखव की जरा."

"गोपनीय आहे," म्हणून तिने गठ्ठा छातीशी धरला. आम्हाला एक ओळही वाचू दिली नाही. दिली असती तर प्रकरण त्याच रात्री संपलं असतं.

शुक्रवारी प्रकल्प पाठवायचे होते. इतरांच्या शेवटाबद्दल तिला शंका होती, पण शिंप्याच्या मुलीबद्दल खात्रीच होती. सही करणार नाही, असं तिने मुलीला तोंडावर सांगितलं. मुलगी नुसती वेणीचं टोक ओढत राहिली. हे मावशीला कबुलीजबाबासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन स्टँडजवळच्या क्लासवाल्याकडे गेली. रंगेहाथ पकडायचा बेत होता.

"आमच्या मुलाला प्रकल्प करून हवाय," ती खुर्चीवर बसत म्हणाली.

क्लासवाल्याने माझ्या मिशीकडे पाहिलं. "कितवीत आहे?"

"मागे पडलाय जरा," मावशी म्हणाली.

मी मान खाली घातली. क्लासवाला सज्जन होता. त्याने मला चॉकलेट दिलं नाही, एवढंच. मावशीने मग शाळेचं नाव काढलं आणि तिथल्या मुलांना तुम्हीच प्रकल्प लिहून देता ना, म्हणून विचारलं.

"त्या शाळेची पोरं?" त्याने हात जोडले. "बाई, त्यांच्या भरवशावर हा फलक रंगवला मी. एक फिरकलं नाही. म्हणतात, आमच्या बाईच सगळं बघून देतात."

रस्त्यावर आल्यावर मावशी म्हणाली, "पाहिलंस किती सफाईने खोटं बोलला?"

"मावशी, मला तर खरं वाटलं."

"तुला लिफ्टसुद्धा खरं सांगत असेल."

तिथून ती तशीच शिंप्याच्या दुकानात शिरली. दुकान म्हणजे एक लांबट खोली. पुढे मशीन, मध्ये इस्त्रीचं टेबल, मागे दोरी बांधलेली. मुलगी स्टुलावर बसून बटणं लावत होती. मावशीला पाहताच सुई तशीच धरून ती उठून उभी राहिली.

"या बाई, बसा," शिंपी म्हणाला. "फक्त त्या भिंतीला टेकू नका. रंग लागतो. घरमालकाने स्वस्तातला निळा फासलाय, निम्मी गिऱ्हाइकं पाठीवर घेऊन जातात."

मावशी बसली नाही. "मी सरळच विचारते. हिच्या प्रकल्पाचा शेवट कुणी लिहिला?"

"मी अंगठ्यापुरता शिकलेला माणूस. मी कुठला लिहितोय?"

"मग कोण येतं घरी? चुलतभाऊ? मामा?"

"बाई, घरी कुणी येत नाही, तुम्हीच आलेल्या आहात." शिंप्याने मापाची टेप गळ्यातून काढून टेबलावर टाकली. तो चिडला होता, पण गिऱ्हाइकाशी बोलायच्या सवयीने आवाज खालीच होता. "तुम्ही आमच्या घरात शिरून बसलेल्या आहात. मी म्हटलं, पोरी, गुरुवारपर्यंत कोट तयार होईल, तर ही मला म्हणते, 'बाबा, याची खातरजमा व्हायला हवी.' आईने भाजीत मीठ घातलं म्हटलं, तरी खातरजमा. आमच्या घरात कुणी सरळ बोलायचं राहिलं नाही."

मी मावशीकडे पाहिलं. मावशी शिंप्याकडे पाहत होती.

"हे वाक्य," ती हळू म्हणाली, "हिच्या प्रकल्पात आहे. शेवटचं वाक्य हेच आहे. हे तिला कुणी दिलं?"

शिंप्याला वाटलं, बाई थट्टा करताहेत. तो मुलीकडे वळला. "सांग की गं."

मुलीचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. "बाई, तुम्हीच. तुम्ही कच्च्या मसुद्यावर पेन्सिलीने लिहून दिलं होतंत. मी शाईने उतरवून काढलं." ती थोडं थांबली. "सगळ्यांनीच."

बाहेरून एक सायकल घंटी वाजवत गेली. मग मुलगीच पुन्हा म्हणाली, "आणि बाई, ते भिंतीचं जे मी..."

"राहू दे आता," शिंप्याने तिला गप्प केलं. "बाईंना पाणी दे."

मावशीने पाणी घेतलं. तिने ग्लास उजेडात धरून पाहिला नाही, तेव्हा मला काळजी वाटायला लागली.

तिने काय केलं होतं, ते मला त्या संध्याकाळी कळलं. तिने काही वेगळं केलंच नव्हतं. कच्च्यावर पेन्सिलीने वाक्य सुधारून द्यायचं आणि मुलाने ते पक्क्यात उतरवायचं, हीच जुन्या पद्धतीत चांगल्या शिक्षिकेची खूण होती. तिच्या हाताखालून गेलेली मुलं त्यामुळेच स्वच्छ लिहायची. मसुदा एकदाच वाचायचा हा नवा नियमही तिने पाळला होता. एकदाच वाचला, पण पेन्सिलीसकट. आणि स्वतःचा आवाज माणसाला दुसऱ्याच्या तोंडून ओळखू येत नाही.

"कुणाला सांगू नकोस म्हणजे झालं," काका म्हणाले. "पोरं तिचीच, काम त्यांचंच. एक वाक्य इकडे तिकडे. सही कर आणि मोकळी हो."

"तोच तर माणूस मी शोधत होते," मावशी म्हणाली. "सापडला म्हणून सोडून देऊ?"

सकाळी ती चिकटचिठ्ठीच्या खोलीत गेली. मला हे तिनेच नंतर सांगितलं, आणि तेही तुकड्या तुकड्याने. तिने गठ्ठा टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "शेवट सगळे माझे आहेत. मुलांचे नाहीत. मी सही करू शकत नाही."

तो हसला नाही. त्याने एक चिठ्ठी उचलली आणि परत ठेवली. "मला वाटलंच होतं."

"कधीपासून?"

"मी मागे बसतो ना बाई, तेव्हा मुलं तुमच्यासारखी बोलताना ऐकतो. छान वाटतं. पण एक दिवस एका मुलाने मला सांगितलं की माझ्या प्रश्नाची खातरजमा व्हायला हवी. तेव्हा शंका आली."

"मग विचारलं का नाहीत?"

"तुम्ही स्वतःहून सांगाल का ते बघत होतो."

मावशीला याचा राग यायला हवा होता. घरी सांगताना ती म्हणाली, "माणूस बरा दिसतो." पण लगेच पुढे म्हणाली, "मी गेले नसते तर त्याने काय केलं असतं, ते मात्र त्याने सांगितलं नाही. मी विचारलं होतं."

तोडगा असा निघाला. प्रत्येक मुलाने शेवटचा भाग वर्गात बसून नव्याने लिहायचा. देखरेखीला खेळाचे सर. मावशीने वर्गात यायचं नाही, आणि ते लिहून झाल्यावर सहीपुरतं वाचायचं, हातात पेन्सिल न घेता. झालेला प्रकार चिकटचिठ्ठी अभ्यासक्रमवाल्यांना कळवणार होता. त्याचं पुढे काय होईल, ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

शिंपी शाळेत येऊन मावशीवर उखडला. "चांगलं शिवलेलं उसवायचं? आणि पोरीने पुन्हा शिवायचं, तुमच्या मापाशिवाय? तिचे गुण गेले तर?"

"जातील कदाचित," मावशी म्हणाली.

"मग?"

"मग ते तिचे जातील. आत्ता आहेत ते माझे आहेत."

शिंपी तिच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "लेबल नवं आहे खरं," आणि गेला. तो हे चांगल्या अर्थाने म्हणाला की वाईट, यावर मावशी आणि काका त्या रात्री बराच वेळ भांडले.

मुलं लिहीत होती, तेव्हा मावशी बाहेरच्या व्हरांड्यात फेऱ्या घालत होती. खेळाच्या सरांनी नंतर सांगितलं की दर फेरीला दाराच्या काचेत तिचा एक डोळा दिसायचा. त्यांनी शेवटी आतून कॅलेंडर लटकवलं.

दुपारी गठ्ठा तिच्यासमोर आला. शेवट ओबडधोबड होते. मुंग्यांच्या मुलाने तर लिहिलं होतं की त्याला मुंग्या आवडेनाशा झाल्या आहेत. मावशीने सह्या केल्या. शिंप्याच्या मुलीचा प्रकल्प तिने सगळ्यात शेवटी घेतला.

मुलीच्या आकड्यांमध्ये एक आकडा विचित्र होता. एका सकाळी जाडं कापड पातळ कापडाच्या आधी वाळलं होतं. कच्च्यात त्यापुढे मुलीने काहीतरी लिहिलं होतं. मावशीने ते खोडून 'मोजण्यातली चूक असावी, याची खातरजमा व्हायला हवी' असं पेन्सिलीने घातलं होतं. आता मुलीने लिहिलं होतं:

'ही चूक नाही. मी नीट मोजलं होतं. त्या दिवशी जाडं कापड भिंतीच्या बाजूला होतं. भिंतीच्या मागे बेकरी आहे. भिंत गरम होती म्हणून ते आधी वाळलं. बाकीचे दिवस मी सगळी कापडं भिंतीपासून लांब टांगली. मला खात्री आहे.'

मावशीने ते वाचलं. तिच्या वर्गात 'मला खात्री आहे' असं आजवर कुणी लिहिलं नव्हतं. लिहूच दिलं नसतं. तिने मुलीला बोलावलं.

"हे तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही."

"बाबांनी?"

"बाबा म्हणाले, बाई म्हणतात तेच ठेव."

मावशीने तिच्याकडे रोखून पाहिलं. मुलीने वेणीचं टोक ओढलं नाही. तीही रोखून पाहत होती, अगदी मावशीसारखी.

त्या दिवशी मावशी घरी उशिरा आली. काका टेबलावर चष्म्याच्या काचा पुसत होते. तिने पिशवी ठेवली, पाणी प्यायली, आणि आम्ही काही विचारायच्या आत म्हणाली, "गेले सगळे प्रकल्प. शिंप्याच्या मुलीचाही."

"तू सही केलीस?"

"तिचंच आहे ते. माझं असतं तर मी तसं लिहिलंच नसतं."

"आणि भिंत खरंच गरम असते का?" मी विचारलं.

"ते मला कशाला बघायला पाहिजे? माझी सही काम कुणाचं आहे याची, बरोबर आहे का याची नाही. ते तपासनीस बघतील."

काकांनी काच खाली ठेवली. "हात दाखव बघू."

"कशाला?"

"दाखव तर."

तिने हात मागे नेला, पण मी ते आधीच पाहिलं होतं. उजवा तळहात, पाचही बोटांसकट, निळा झाला होता.

"काय निघालं मग?" काका म्हणाले.

मावशी मोरीकडे जायला वळली. "संध्याकाळी गार असते," ती जाता जाता म्हणाली. "भट्टी सकाळी पेटते. उद्या शाळेच्या आधी जाऊन बघायला हवं."